मानपाडा ते महापे: छोट्या डिझेल गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायचं तर

माझी गाडी २०१४ च्या सुरुवातीची डिझेल स्विफ्ट. घर ठाण्यात घोडबंदर रोडवर मानपाड्याला, ऑफिस नवी मुंबईत महाप्याच्या एमआयडीसीत. जाऊन-येऊन रोज साधारण ४० किलोमीटर होतात आणि त्यात कापूरबावडी, माजिवडा, कळव्याचा पूल, विटावा, ऐरोली, रबाळे, घणसोली एवढं सगळं येतं. या रस्त्यावर याच गाडीने मला एका टाकीला लिटरमागे १५ दिलेत आणि दुसऱ्या टाकीला २० सुद्धा. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणाराही मीच. मधला फरक कुठून येतो ते शोधायला मला दोन वर्षं लागली. ते इथे क्रमाने सांगतो.

आधी पैशांचा अंदाज घेऊ. महिन्याला २४ दिवस धरले तर ९६० किलोमीटर होतात. १५ च्या अ‍ॅव्हरेजने ६४ लिटर लागतात, १९ च्या अ‍ॅव्हरेजने साडेपन्नास. म्हणजे साडेतेरा लिटरचा फरक. लिटरला ९० रुपये धरले तरी महिन्याला १२०० रुपये. शिवाय एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्या हिशोबाने महिन्याला ३६ किलो. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला हवेचं वेगळं सांगायला नको. खिडकीच्या कट्ट्यावर रोज सकाळी जो काळा थर बसतो, त्यात आपल्या गाडीचाही वाटा असतो.

इथलं बहुतेक सगळं १.३ लिटरच्या त्या १२४८ सीसी इंजिनाला धरून आहे. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत तेच इंजिन होतं. पण ग्रँड आय१० किंवा फिगोची डिझेल गाडी असली तरी रीत तीच, आकडे थोडे इकडे-तिकडे.

आधी नीट मोजायला शिका

"गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?" असं कुणी विचारलं की आपण पटकन एक आकडा सांगून टाकतो. तो बहुतेक वेळा डॅशबोर्डवरचा असतो, नाहीतर अंदाजाने ठोकलेला. डॅशबोर्डचा आकडा बऱ्याच गाड्यांत थोडा चढाच असतो. माझ्या गाडीत तो खऱ्यापेक्षा एक-सव्वाने जास्त येतो. आणि ५०० रुपयांचं डिझेल भरून, काटा कुठे आला ते बघून काढलेला हिशोब तर सोडूनच द्या.

टाकी ते टाकी हीच पद्धत खरी. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुन्हा भरताना त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा फुल. ट्रिप मीटरवरचे किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्यांची सरासरी काढा.

यातली सगळ्यात मोठी चूक नोझलवर होते. डिझेलला फेस येतो. तो फेस वर आला की नोझल 'कट' असा आवाज करून थांबतं, पण टाकीत अजून जागा असते. मग पंपावरचा मुलगा पुन्हा थोडं, पुन्हा थोडं असं करत राऊंड फिगरपर्यंत नेतो. एकदा २ लिटर असे जास्त जातात, पुढच्या वेळी जात नाहीत, आणि ३० लिटरच्या हिशोबात आकडा एक-सव्वाने हलतो. मी आता उतरून नोझलजवळ उभा राहतो आणि सांगतो, "दादा, पहिल्या कटला थांबवा, राऊंड फिगर नको." पैसे यूपीआयने जातात, सुट्ट्यांचा प्रश्नच येत नाही. माप कमी वाटलं तर पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप ठेवलेलं असतं, ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. ५ लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्यापुढचा नाही.

कंपनीच्या आकड्याची आशा धरू नका. माझ्या मॉडेलचा एआरएआयचा (गाड्यांची अधिकृत चाचणी घेणारी संस्था) आकडा २२.९ होता. तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या तक्त्यानुसार मिळतो. त्या तक्त्यात माजिवडा नाका येत नाही. तुमची तुलना तुमच्या मागच्या महिन्याशीच करा.

मग बघा, गाडीला कोण धरून ठेवतंय

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझं अ‍ॅव्हरेज साडेअठरावरून घसरत १५ वर आलं. गाडी ओढत नाही असं सारखं वाटायचं. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला आणि इंजेक्टर साफ करावे लागतील म्हणाले. साडेचार हजार दिले. पुढची टाकी पुन्हा १५.

उपाय निघाला तो पंक्चर काढायला थांबलो तिथे. पंक्चरवाल्याने पुढचं चाक काढलं, मग सहज गाडीला एक चक्कर मारली आणि मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेऊन म्हणाला, "साहेब, इथे हात आणा, पण लावू नका." मी दोन इंचांवर हात धरला. तव्यावर धरावा तशी धग लागत होती. उजव्या बाजूला नेला तर चाक कोमट. त्याने मागची बाजू जॅकवर उचलली, हँडब्रेक सोडला आणि चाक हाताने फिरवलं. अर्धा फेराही पूर्ण न होता ते घासत थांबलं. ड्रममधला ब्रेक शू गंजून तिथेच अडकला होता. म्हणजे कित्येक आठवडे मी थोडासा हँडब्रेक लावूनच गाडी चालवत होतो. शू साफ करून सेटिंग करायला पाऊण तास लागला आणि पुढची टाकी १८.२ आली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा, १५-२० मिनिटं गाडी चालवून थांबलो की चारही चाकांजवळ हात नेऊन बघतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असलं की काहीतरी घासतंय. पुढे डिस्कला पकडणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात, मागे शू. पावसाळ्यात गाडी तीन-चार दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. ओला शू ड्रमला चिकटतो तो अशाच उभ्या गाडीत.

दुसरी गोष्ट हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, आकडा तोच धरायचा. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा टायरला सोसणारी जास्तीत जास्त हवा सांगतो, तो आपल्यासाठी नाही. हवा थंड टायरमध्ये मोजायची असते. पंपापर्यंत चार-पाच किलोमीटर जाऊन मोजली की आकडा दोन-तीन पीएसआय चढलेला दिसतो, आपल्याला वाटतं बरोबर आहे आणि प्रत्यक्षात हवा कमीच राहते. मी १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर घेतलाय. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावतो आणि दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्येच भरतो. पहिल्यांदा मोजली तेव्हा ३० च्या जागी एका चाकात २२ होती. नुसत्या डोळ्यांनी ते टायर बाकीच्यांसारखंच दिसत होतं. नायट्रोजनने तोटा नाही, पण त्यावर पैसे घालवण्यापेक्षा साधी हवा वेळेवर मोजा.

घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर मेट्रोच्या कामाने आणि पावसाने जे खड्डे पडतात, त्यांतून रोज जाणाऱ्या गाडीचं अलाइनमेंट ५,००० किलोमीटरला तपासा. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी बाजूला ओढत असेल तर एवढीही वाट बघू नका.

डिकीतलं सामान काढा, गावाहून आल्यावर छतावरचा कॅरिअर उतरवून ठेवा. एअर फिल्टर बदलायला सर्व्हिसची वाट बघू नका. आपल्याकडे इतकी बांधकामं चालू आहेत की ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच तो धुळीने भरतो. आणि टेम्परेचरच्या काट्याकडे एक डोळा असू द्या. १० किलोमीटर चालवूनही काटा मधोमध येत नसेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असू शकतो. इंजिन कायम थंडच राहतं आणि जास्त डिझेल खातं. भाग स्वस्त आहे, पण तपासायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

गाडी चालू केल्यावरची पहिली तीन मिनिटं

किल्ली फिरवली की कॉइलचा पिवळा दिवा लागतो, तो विझला की स्टार्टर मारायचा. ठाण्याच्या हवेत तो लगेच विझतो. मग ऑइल सगळीकडे पोचायला वीस-तीस सेकंद द्या आणि निघा. उभ्या गाडीत पाच मिनिटं इंजिन 'गरम करायची' सवय जुन्या गाड्यांची आहे. डिझेल इंजिन उभ्या-उभ्या फार हळू गरम होतं, हळू चालवलं की लवकर होतं. पहिले दोन-तीन किलोमीटर २,००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर जाऊ नका, एवढं पथ्य पुरे.

मानपाड्याहून ठाणे स्टेशनला सोडायला-आणायला डिझेल गाडी काढणं मात्र तोट्याचं. इंजिन गरम होईपर्यंत प्रवास संपतो. दिवसात फक्त असे चार-पाच किलोमीटरचे फेरे असतील तर रिक्षा किंवा टीएमटीची बस बरी, आणि नवीन गाडी घ्यायची असेल तर डिझेल घेऊच नका.

गिअर आणि टर्बो

या इंजिनाचा पूर्ण जोर, म्हणजे १९० न्यूटन मीटर टॉर्क, २,००० आरपीएमला मिळतो. १,५०० च्या खाली टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जवळजवळ झोपलेला असतो. बहुतेक लोक इथे दोन टोकांच्या चुका करतात. काही जण पेट्रोल गाडीच्या सवयीने प्रत्येक गिअर ३,००० पर्यंत ताणतात. काही जण वरचा गिअर म्हणजे बचत असं ऐकून ३५ च्या वेगाला चौथा टाकतात आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसतात. इंजिन घरघरतं, आरशात काळा धूर दिसतो आणि गाडी हलत नाही. त्या धुरात न जळलेलं डिझेल बाहेर जातंय, तुमच्याच पैशांचं.

१,८०० ते २,२०० च्या मध्ये गिअर बदला. माझ्या गाडीत साधारण १५ ला दुसरा, ३० ला तिसरा, ४५ ला चौथा आणि ६० च्या पुढे पाचवा बसतो. वेग धरून ठेवायचा असेल तर १,५०० लाही चालतं, पण वेग वाढवायचा असेल तर आधी एक गिअर खाली या आणि मग पाय द्या. अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत, ठामपणे, लवकर हव्या त्या वेगाला पोचायचं आणि तिथे पाय हलका करायचा. फार घाबरत-घाबरत वेग वाढवण्याने काही वाचत नाही, खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ मात्र जातो.

ब्रेक: सगळा हिशोब इथे आहे

अडकलेल्या ब्रेकसारखा बिघाड नसेल तर आतापर्यंतचं सगळं मिळून तुम्हाला लिटरमागे एखाद-दीड किलोमीटर देईल. पुढचं एकटं तेवढं देतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

माणसं धरून गाडीचं वजन १,२०० किलो धरू. ६० च्या वेगाला तिच्यात जेवढी गतीची ऊर्जा असते, ती तयार करायला इंजिनाने साधारण १५ मिली डिझेल जाळलेलं असतं. ब्रेक मारून थांबलात की ती सगळी ऊर्जा डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन जाते, परत मिळत नाही. २० च्या अ‍ॅव्हरेजने १५ मिलीत गाडी ३०० मीटर गेली असती. म्हणजे ६० वरून प्रत्येक पूर्ण थांबा ३०० मीटरच्या डिझेलचा. तोच थांबा ४० वरून असेल तर ७ मिली, अर्ध्याहून कमी, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. घरापासून ऑफिसपर्यंत असे २० थांबे ६० वरून झाले तर ३०० मिली ब्रेकमध्येच गेलं. २० किलोमीटरला लिटरभर डिझेल पुरावं अशी आपली अपेक्षा, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा.

आता कापूरबावडीचा उड्डाणपूल घ्या. सकाळी साडेआठला पुलाच्या माथ्यावर आलात की पुढे माजिवड्याकडे ब्रेकलाइटची लाल रांग दिसते. साधारण ४०० मीटर लांब. उतार आपल्या बाजूने. डावी-उजवीकडचे लोक तरीही अ‍ॅक्सिलरेटर देत जातात, रांगेच्या शेवटी पोचतात आणि कचकन थांबतात. माथ्यावरूनच पाय काढा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. मी चौथ्यात असतो. वेग ५५ वरून ४५, मग तिसरा, मग ३०. रांगेच्या शेपटाशी पोचेपर्यंत पुष्कळदा रांग हललेली असते आणि मी न थांबता दुसऱ्या गिअरमध्ये तिच्यात मिसळतो. ज्यांनी मला ओव्हरटेक केलं होतं, ते तिथेच शेजारी असतात. ब्रेकला पाय लागलेला नसतो आणि एकदा थांबून पुन्हा वेग घ्यायचे १२-१३ मिली वाचलेले असतात. रोज, फक्त त्या एका पुलावर.

यातली गंमत अशी की गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की कॉमन रेल इंजिनाचा कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो. डिझेल शून्य. चाकंच इंजिन फिरवतात. आरपीएम आयडलच्या (उभ्या गाडीत इंजिन फिरतं त्या वेगाच्या) जवळ आलं की पुरवठा पुन्हा सुरू होतो. म्हणून उतारावर न्यूट्रल टाकणारे उलट जास्त डिझेल जाळतात, कारण न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवण्यापुरतं डिझेल लागतंच. आणि उतारावर किल्ली बंद करणं तर जिवावरचं आहे. ब्रेकच्या बूस्टरचा व्हॅक्यूम इंजिनावर चालतो, तो दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जातं. गायमुख घाट उतरताना तिसरा गिअर टाका, पाय काढा. गाडी आपोआप आवरलेली राहते, डिझेल जात नाही, ब्रेक थंड राहतात. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

ही सवय लागायची तर नजर लांब हवी. पुढच्या गाडीच्या बंपरकडे बघून चालवणाऱ्याला ब्रेकशिवाय पर्याय नसतो. तिच्या काचेतून तिच्या पुढची, आणि त्याही पुढची गाडी बघा. बस थांब्यावर थांबलेली टीएमटी, उजवा इंडिकेटर देणारा टेम्पो, सिग्नलवर दोन मिनिटांपासून हिरवा असलेला दिवा, हे सगळं १५० मीटर आधी कळतं. पाम बीचवर तर सिग्नल खूप लांबून दिसतात, तिथे लाल दिव्याकडे वेग वाढवत जाण्यात काहीच अर्थ नाही.

अंतर ठेवलं की बाइकवाले आणि रिक्षावाले मध्ये घुसतात, ही तक्रार मला ऑफिसमधला प्रत्येक जण सांगतो. घुसतात, खरं आहे. मी महिनाभर मोजलं होतं, मानपाडा ते महापे सरासरी ११ वाहनं मध्ये आली. त्याने ऑफिसला पोचायला दोन मिनिटंही उशीर झाला नाही.

अडकलेल्या ट्रॅफिकमध्ये

गरम झालेलं १.३ चं इंजिन उभ्या-उभ्या तासाला साधारण अर्धा लिटर पितं, म्हणजे मिनिटाला ८ मिली. एसी चालू असेल तर आणखी. विटाव्याला १२ मिनिटं अडकलात की १०० मिली, दोन किलोमीटरचं डिझेल. टाइमर असलेल्या सिग्नलवर ६० सेकंदांहून जास्त दिसलं की मी इंजिन बंद करतो. गरम डिझेल इंजिन पुन्हा चालू करायला नगण्य डिझेल लागतं. मात्र बॅटरी चार वर्षांहून जुनी असेल तर हे टाळा, आणि चढावर किंवा पुलावर कधीच करू नका.

हळूहळू सरकणाऱ्या रांगेत डिझेलचा मोठा फायदा घ्या. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला की रेस न देता गाडी सात-आठच्या वेगाने चालत राहते. पुढची गाडी दोन मीटर सरकली की लगेच सरकू नका, आठ-दहा मीटर जागा होऊ द्या आणि मग एकदाच सावकाश जा. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्यांचं डिझेल तर जातंच, पण क्लच प्लेटचा खर्च वर्षभराच्या बचतीला पुरून उरतो. कळव्याच्या पुलाच्या चढावर हँडब्रेक वापरा.

रस्ता निवडणंही यातच आलं. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. त्याआधी आम्ही कितीतरी जण टोल चुकवायला कळव्यावरूनच जायचो. आता आनंदनगर नाक्यावरून मुलुंडला जाऊन ऐरोली पुलाने जाता येतं. मला ते तीन-चार किलोमीटर जास्त पडतं, पण कळवा-विटावा तुंबलेलं असलं की गाडी पुलावरून ५०-६० ला एकसारखी चालते. दोन टाक्या फक्त त्या रस्त्याने संपवून बघितल्या, अ‍ॅव्हरेज दीडने वाढलं आणि एकूण डिझेल जवळजवळ तेवढंच लागलं. म्हणजे पैसे वाचले नाहीत, क्लच आणि वेळ वाचला. मॅपवर लाल दिसलं तरच मी तिकडून जातो.

मोकळ्या रस्त्यावर

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो ५६ टक्के जास्त. सायन-पनवेलला वाशीहून खारघरपर्यंत १०० ने जाऊन वाचणारी दोन मिनिटं पुढच्या सिग्नलवरच जातात. ठाणे-बेलापूर रोडवर घणसोली-तळवलीच्या उड्डाणपुलावर पाचव्या गिअरमध्ये ६५-७० धरा, या इंजिनाला तो वेग मानवतो.

एसीबद्दल वाद खूप होतात. माझ्या वहीत एसीचा फरक लिटरमागे साधारण एक-सव्वा किलोमीटरचा आहे. सकाळी सातला खिडक्या उघड्या ठेवतो, पण ७०-८० च्या पुढे उघड्या काचांनी हवा अडते, तिथे एसीच बरा. उन्हात उभी असलेली गाडी आधी दोन मिनिटं काचा उघडून चालवा, आतली भट्टीसारखी हवा बाहेर गेली की मग लावा. पावसात काचा धुरकट होतात तेव्हा डिझेलचा विचारही करू नका, एसी लावाच.

पावसाळा

डिझेलमध्ये पाणी उतरलं तर इंजेक्टर आणि पंप दोन्ही जातात, आणि ते बिल मोठं असतं. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठायची जागा आणि स्क्रू असतो. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा तिथून पाणी काढून घ्या. टाकी रिकामी ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. मुसळधार पावसात पंपावर टँकर खाली होत असेल तर त्या दिवशी तिथे भरू नका.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली दर पावसाळ्यात पाणी तुंबतं. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी दिसलं की मागे फिरा. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त असल्याने इंजिन हमखास मोडतं. गाडी ढकलून बाहेर काढा, टोइंगला फोन करा.

आठवड्यातून एकदा मोकळी सोडा

सतत शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या डिझेल गाडीत काजळी साठते, थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह चिकट होतो, पिकअप जातो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत, उदाहरणार्थ ग्रँड आय१० निऑस किंवा ऑराच्या डिझेलमध्ये, डीपीएफ म्हणजे धुराचा फिल्टर असतो. काजळी तिथे अडते आणि भरत आली की गाडी स्वतःच ती जाळते. त्या दहा-पंधरा मिनिटांत आयडल वाढतो, अ‍ॅव्हरेज पडतं, जळका वास येतो. घाबरून गाडी बंद करू नका. डीपीएफचा दिवा लागला तर थेट मोकळ्या रस्त्याला न्या, ६० च्या वर, २,००० आरपीएमच्या आसपास, पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवा. दिवा लागूनही माजिवडा-मानपाडा करत राहिलात तर फिल्टर तुंबतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन जपायला स्वतःच ताकद कमी करते.

माझ्या जुन्या गाडीत डीपीएफ नाही, तरी मी रविवारी सकाळी सहाला नाशिक हायवेने पडघ्यापर्यंत जाऊन येतो. बायकोही येते, चहा होतो. परतताना शेवटचे दोन किलोमीटर सावकाश घेतो, म्हणजे टर्बो थंड होतो. घाटातून किंवा हायवेवरून वेगाने येऊन थांबलात तर मात्र इंजिन अर्धा-एक मिनिट चालू ठेवूनच बंद करा.

ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. सर्व्हिसची १०,००० किलोमीटरची मुदत मी शहराच्या वापरामुळे ८,००० वर आणलीये. पीयूसी बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना वर्षाची असते, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची. त्या कागदावरचा धुराचा आकडा वाचून ठेवा. बीएस-४ ला मर्यादा मीटरमागे १.६२ आहे. आकडा वर्षागणिक चढत असेल तर एअर फिल्टर, ईजीआर आणि इंजेक्टर या क्रमाने तपासून घ्या.

सुरुवात करायची असेल तर उद्या सकाळी दोनच गोष्टी करा: गाडी काढायच्या आधी चारही टायरची हवा मोजा, आणि जाताना वाटेत पंपावर पहिल्या कटपर्यंत टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्यावर आणा. ब्रेकचा सराव दुसऱ्या टाकीपासून सुरू करा, म्हणजे पहिली टाकी तुलनेला राहील.